केरिसचे काटे

भिकाजी परबांच्या वर्गात पहिला धडा नेहमी गंजाचा असे.

दुबईच्या ऊद मेथा भागातल्या त्यांच्या मुलीच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीला लागून असलेल्या छोट्या खोलीत, शनिवारी सकाळी इमारतीतली पाच-सहा मुलं जमत. भिकाजींनी आयुष्यभर कुडाळच्या बाजूला एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत फिटरचं काम शिकवलं होतं. बायको गेल्यावर मुलगी विनिता त्यांना दुबईला घेऊन आली. रिकामं बसणं त्यांना जमेना, म्हणून कानस कशी धरायची, खिळा वाकडा न जाता कसा ठोकायचा, असलं काहीबाही ते मुलांना शिकवू लागले.

"गंज म्हणजे काय?" ते विचारत.

"आयर्न ऑक्साइड!" मुलं एका सुरात ओरडत.

"ते तुमच्या पुस्तकात. माझ्याकडे गंज म्हणजे आळस. आणि वस्तूची कड खरबरीत लागली, हाताला टोचली, फडकं अडकलं, तर?"

"फाइल इट!"

"कानशीने. एका दिशेने. आणि घाई?"

"नो घाई!"

यात सगळ्यांत मोठा आवाज सान्वीचा असे. सान्वी म्हणजे विनिताची मुलगी, भिकाजींची अकरा वर्षांची नात. मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र इंग्रजीत येई. पण हात असा, की तिने घासलेल्या लोखंडी पट्टीवर गुण्या ठेवला तर खालून उजेड दिसत नसे. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं साधन. भिकाजी तो डोळ्यांसमोर धरत आणि मान डोलवत. तेवढ्यावर ती आठवडाभर खूश असे.

त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर इस्माईल नावाचे एक मलेशियन गृहस्थ मुलाजवळ राहत. जहाजांवर इंजिनिअर म्हणून त्यांची नोकरी झाली होती, आणि भारतीय खलाशांकडून ते मोडकी हिंदी शिकले होते. भिकाजींना ते 'मास्टर' म्हणत. मुलं त्यांना 'तोक' म्हणत, म्हणजे त्यांच्या मलय भाषेत आजोबा. संध्याकाळी दोघं म्हातारे खालच्या बाकावर बसून लोखंडावर गप्पा मारत. एकाचं लोखंड कारखान्यातलं, दुसऱ्याचं समुद्रावरचं.

एका शनिवारी इस्माईल वर्गात आले ते पिवळ्या कापडात काहीतरी गुंडाळून. आत त्यांच्या पणजोबांची केरिस होती.

केरिस म्हणजे मलय लोकांची कट्यार. मुलांनी तोवर सिनेमातल्या तलवारी पाहिल्या होत्या. ही वस्तू त्यांना वेगळीच वाटली. म्यानाचा वरचा भाग होडीसारखा आडवा पसरलेला. मूठ लाकडाची, आणि पक्ष्याच्या मानेसारखी वाकलेली. नीट पाहिलं तर तो पक्षी नव्हता, अंग आवळून बसलेला माणूस होता.

"याला थंडीताप भरलाय," इस्माईल मुलांना इंग्रजीत म्हणाले. "म्हणून कुडकुडतोय. आमच्याकडे त्याला तेच नाव आहे."

"पॅनाडोल द्या!" एक पोरगा म्हणाला, आणि सगळे खिदळले.

मग त्यांनी पातं बाहेर काढलं. केरिस म्यानातून उपसत नाहीत, केरिस स्थिर धरून म्यान हळूच मागे घेतात, हे त्यांनी दोनदा करून दाखवलं. पातं नागमोडी होतं. वळणं कितीही असली तरी विषमच असतात, असं त्यांनी सांगितल्यावर मुलांनी बोट हवेत फिरवून ती मोजली. मुळाशी पातं एका बाजूला रुंद होत गेलं होतं, दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. तिथे आडवी बसवलेली लोखंडाची एक वेगळी पट्टी होती. तिचा सांधा इतका बारीक, की भिकाजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. रुंद बाजूला हत्तीच्या सोंडेसारखा एक आकडा होता. दुसऱ्या बाजूला, पट्टीच्या टोकाशी, बारीक काटे.

पातं काळंभोर होतं आणि त्यावर रुपेरी रेघा वाहत होत्या, ओल्या वाळूवरून पाणी ओसरताना उमटतात तशा.

"हे पेंट आहे?" सान्वीने विचारलं.

"पेंट नाही. लोहाराने दोन जातींचं लोखंड एकावर एक ठेवलं, तापवलं, ठोकलं, दुमडलं, पुन्हा ठोकलं. मग लिंबाचा रस आणि सोमल लावतात. एक लोखंड काळं पडतं, दुसरं पडत नाही. रेघा आतच असतात. लिंबू त्या फक्त बाहेर बोलावतं."

सोमल म्हणजे विष, म्हणून त्यांनी पात्याला कुणाला हात लावू दिला नाही. पातं म्यानात गेल्यावर मूठ मात्र प्रत्येकाने धरली. पातं बाहेर असताना इस्माईलनी मूठ धरली, की त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट नेमके पात्याच्या मुळाशी येत. "इथे डोळे लागत नाहीत," इस्माईल म्हणाले. "माझा अंगठा अंधारातही ओळखेल, ही माझीच."

भादव्यात इस्माईलना हृदयाच्या ऑपरेशनसाठी क्वालालंपूरला जावं लागलं. त्यांचा मुलगा फारिस त्यांना पोहोचवायला गेला. मागे फ्लॅटमध्ये एसीच्या पाइपांचं काम निघालं होतं, माणसं येणार-जाणार. म्हणून निघताना इस्माईल केरिस घेऊन खाली आले.

"मास्टर, तुम लोहा जानता है," ते म्हणाले. "तुम्हारे पास रखो."

भिकाजींनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाटात, चादरींच्या घडीखाली ठेवली.

मग नवरात्र आलं. दसऱ्याला भिकाजी आपली सगळी हत्यारं पुजत. आदल्या दिवशी ती घासून लख्ख करायची, हा परबांच्या घरचा जुना रिवाज. कानशी, हातोडे, पकडी, छिन्न्या, सगळं जमिनीवर पसरून ते आणि सान्वी बसले. लोखंडाला पॉलिश पेपर, पितळेला चिंच.

"तोकची केरिस पण ठेवू या ना पूजेला?" सान्वीने विचारलं.

"नको. ती दुसऱ्याची ठेव आहे. त्यांचा धर्म वेगळा. आपण हळदकुंकू नाही लावायचं तिला."

"पण मग सगळी टूल्स क्लीन, आणि ती एकटीच डर्टी?"

भिकाजी हसले. उठून पिशवी घेतली आणि फुलं आणायला बर दुबईच्या बाजारात गेले. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही. पोर काहीतरी बोलते, एवढंच त्यांना वाटलं.

ते परतले तेव्हा सान्वी दारातच उभी होती.

"आजोबा, डोळे मिटा. आय हॅव अ सरप्राइज."

तिने हात धरून त्यांना खोलीत नेलं. पाटावर हत्यारं ओळीने मांडलेली होती. जरा बाजूला, पिवळ्या कापडावर, केरिस होती. पांढरीशुभ्र. स्टीलच्या ताटासारखी.

भिकाजी खाली बसले.

"मी पूजेत नाही ठेवली. फक्त क्लीन केली," सान्वी घाईघाईने सांगू लागली. "तोक म्हणाले होते ना लिंबू लावतात? लिंबू नव्हतं, चिंच पण आंबटच असते. मी ग्लव्हज घातले होते, मास्क पण. काळं सगळं गेलं. रेघा पण थोड्या गेल्या, म्हणून मग पेपर मारला, आतून परत येतील म्हणून. आणि इथे फडकं सारखं अडकत होतं, माझा ग्लव्ह फाटला. सो आय फाइल्ड इट. एका दिशेने."

भिकाजींनी केरिस उचलली. सोंड जागेवर होती. दुसऱ्या बाजूला बोट नेलं, तर पट्टीचं टोक सपाट, गुळगुळीत लागलं. काटे नव्हते.

"आजोबा? नीट नाही झालं?"

ते पट्टीच्या टोकावरून बोट पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. त्यांचा चेहरा पाहून सान्वीचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ती रडली नाही. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले, जणू तेच कुणाला दिसू नयेत.

विनिता ऑफिसातून आली तेव्हा घर सुन्न होतं. तिने ऐकलं, पाहिलं, आणि आधी सान्वीला बेसिनपाशी नेऊन कोपरापर्यंत तिचे हात पुन्हा पुन्हा धुतले. मग बाहेर येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, उद्या फारिस येतोय ना न्यायला?"

"उद्या संध्याकाळी. इथे कामासाठी आलाय, परवा परत क्वालालंपूरला जाणार. ऑपरेशनच्या आधी इस्माईलभाईंना ती स्वतः त्याच्या हातात द्यायचीय, वारसा म्हणून."

"मग म्यानात घालून देऊन टाका. त्या माणसाचं हार्टचं ऑपरेशन आहे. हे आत्ता सांगायची वेळ आहे का?"

जावई सोमनाथ शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका वर्कशॉपचा सुपरवायझर होता. त्याने केरिस दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिली. "बाबा, टेन्शन नका घेऊ. आमच्याकडे एक वेल्डर आहे, असला बारीक टाका मारतो की बास. सकाळी काटे उगवतील. वरून केमिकल मारून काळं करू. खलास! कुणाच्या बापाला कळणार नाही."

"कसले काटे उगवतील?" भिकाजी म्हणाले.

"म्हणजे?"

"कसे होते ते? किती? तू काय सांगणार वेल्डरला?"

सोमनाथने केरिस खाली ठेवली. मग म्हणाला, "अहो, अंदाजाने."

"त्यांच्या पणजोबांचं पातं आहे ते, सोमनाथ. अंदाजाने गेटची कडी करतात."

"मग सांगा जाऊन!" विनिताचा आवाज चढला. "आणि त्यांना काही झालं, तर पोरीने जन्मभर काय समजायचं?"

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. सान्वी ऐकत होती, हे तिघांनाही माहीत होतं. भिकाजींना दोन्ही बाजू दिसत होत्या. न सांगावं, तर मित्र ठेव उघडेल तेव्हा एकटा असेल, आणि ही पोर खोटं बोलून सुटायला शिकेल. सांगावं, तर आजारी माणसाच्या छातीवर दगड. शेवटी त्यांनी ठरवलं: सांगायचं, पण नाव आपलं घ्यायचं. एवढं खोटं आपण पेलू.

त्यांनी फोन लावला. पडद्यावर इस्माईल दिसले, उशांना टेकून बसलेले, आधीपेक्षा बारीक.

"मास्टर! तुम्हारा त्योहार मुबारक."

"इस्माईलभाई, केरिस खराब हो गया. पूजा का सफाई में... मैंने घिसा."

इस्माईल उशांवरून पुढे सरकले.

"दिखाओ."

भिकाजींनी केरिस कॅमेऱ्यासमोर धरली.

"पास लाओ. और पास. जड़ के पास."

इस्माईल पाहत राहिले. त्यांचा श्वास ऐकू येत होता. "ये तुमने नहीं किया," ते म्हणाले. "तुम्हारा हाथ अब काँपता है, मास्टर. ये घिसाई एकदम सीधा है." मग म्हणाले, "अच्छा सिखाया तुमने."

भिकाजींना खाली पाहावं लागलं. चाळीस वर्षांच्या मास्तरकीत एवढं जिव्हारी लागणारं कुणी बोललं नव्हतं.

दार ढकलून सान्वी बाहेर आली. विनिताने तिचा दंड धरायला हात पुढे केला, पण ती थांबली नाही. ती फोनसमोर उभी राहिली.

"तोक, इट वॉज मी."

इस्माईल तिच्याशी इंग्रजीत बोलले. आवाज चढलेला नव्हता, पण त्यात नेहमीचा मऊपणाही नव्हता. "तू काय काढलंस?"

"रफ पार्ट."

"कसा होता तो?"

"रफ."

"काटे किती होते? मोठा कुठला? कुठल्या बाजूला वळलेले?"

सान्वीने पट्टीच्या सपाट टोकाकडे पाहिलं.

"तू न बघता काढलेस," इस्माईल म्हणाले. "रेघा परत येतील. आमच्या गावी एक लोहार आहे, तो लिंबू लावून त्यांना पुन्हा बाहेर बोलावेल. काटे आत नसतात. आमच्या घरात सांगतात, ज्याने केरिस घडवली त्याची सही त्या काट्यांत असते. त्यांचा फोटो मी कधी काढला नाही. मला ते अंगठ्याने माहीत आहेत, आणि अंगठा लोहाराला पाठवता येत नाही." ते दम घ्यायला थांबले. "उद्या फारिस येईल. तू जे काढलंस, ते त्याच्याजवळ काढून दे. कागदावर. तुझ्या हातांनी त्यांना शेवटचं पाहिलं आहे."

फोन बंद झाला. सलाम नाही, काही नाही.

"काय माणूस आहे!" सोमनाथ पुटपुटला. "लहान पोरीला..."

"बरोबर बोलला तो," भिकाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. सोनं वाटायला शेजारचे येऊन गेले. सान्वी टेबलाशी कागद घेऊन बसली होती. काढायची, खोडायची. कागद खोडरबराने फाटत आला.

"आय कान्ट. मला दिसतच नाही."

"थांब. मी काढतो." भिकाजींनी पेन्सिल घेतली, पट्टीचं टोक काढलं आणि त्यावर एकामागून एक दाते.

सान्वी पाहत होती. "नाही आजोबा. हे करवतीचे दात आहेत. सगळे सेम."

भिकाजींनी कागद लांब धरून पाहिला. खरंच, करवतच होती ती. चष्मा पुसून त्यांनी पातं पाहिलं होतं, सांधा पाहिला होता, कारागिराला मनात शाबासकी दिली होती. आणि काट्यांवरून नजर तशीच पुढे गेली होती.

"यू ऑल्सो डिडन्ट लुक," सान्वी म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला नुकतंच कळलं होतं, एवढंच.

"नाही पाहिलं," भिकाजी म्हणाले. "बरं, डोळे सोड. हातांना विचार. फडकं कसं फिरवत होतीस?"

तिने डोळे मिटले. रिकाम्या मुठीत काहीतरी धरून ती हवेत हात ओढू लागली. "इथे आधी थोडं अडकलं. सुटलं. मग... मग जोरात. इथे ग्लव्ह फाटला. हा मोठा होता. आणि वर गेलेला, माझ्याकडे. मग मध्ये काहीच नाही. मग अगदी छोटा. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"आय डोन्ट नो. असेल. नसेल."

"यंत्राच्या नकाशात जे दिसत नाही ते आपण कसं काढतो?"

"तुटक रेघेने."

"तसंच काढ. नक्की आठवतं ते गडद. नक्की नाही ते तुटक. जे माहीत नाही ते माहीत आहे असं दाखवायचं नाही."

संध्याकाळी फारिस आला. विनिताने चहा ठेवला होता. "थँक यू, आंटी, उशीर होतोय," म्हणून तो बसलाच नाही. केरिस स्थिर धरून त्याने म्यान मागे घेतलं. पांढरं पातं पाहून त्याचा जबडा आवळला. म्यान तसंच हळू पुढे सरकवून त्याने केरिस बंद केली. सान्वीने कागद पुढे केला.

तो कागद त्याने बराच वेळ पाहिला. "बरोबर आहे का, मला सांगता येणार नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "लहानपणापासून घरात आहे. मी कधी नीट पाहिलंच नाही." मग कागदाची घडी घालून पिवळ्या कापडात ठेवली आणि निघून गेला.

त्या शनिवारी मुलं आली, पण सान्वी वर्गात बसली नाही. कुणीतरी पट्टी घासायला दिली तर तिने हात मागे घेतला. भिकाजींनी आग्रह केला नाही. "गंज म्हणजे काय?" हा प्रश्नही त्यांनी विचारला नाही. प्रत्येक मुलाच्या हातात घरातलीच एकेक जुनी वस्तू दिली आणि फक्त बघायला सांगितलं. मुलं कंटाळली. दोघं लवकर घरी गेली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी भिकाजींच्या फोनवर एक फोटो आला. इस्पितळाच्या पांढऱ्या चादरीवर सान्वीचा कागद होता. त्यावर लाल पेनाने वेड्यावाकड्या खुणा केलेल्या होत्या. मोठ्या गडद काट्यावर फुली होती आणि शेजारी तो पुन्हा काढला होता, उलट्या बाजूला वळलेला. तुटक रेघेच्या काट्याला काहीच केलेलं नव्हतं. एक शब्दही लिहिलेला नव्हता.

भिकाजींनी सान्वीला हाक मारली. ती शाळेच्या गणवेशात, एक वेणी घातलेली, एक सुटलेली, अशी आली. फोटो मोठा करून पाहिला.

"नक्की वाटला तोच चुकला," ती म्हणाली.

"आणि तुटक?"

"तो त्यांनी कट नाही केला. म्हणजे असावा." ती थांबली. "आजोबा, ते रागावलेत अजून?"

"असतील."

"आणि ऑपरेशन?"

"आज आहे."

खालून स्कूलबसचा हॉर्न वाजला. विनिताने स्वयंपाकघरातून हाक दिली, "सान्वी, यल्ला, चल लवकर! वेणी!" सान्वीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिने कोरा कागद ओढला आणि उभ्या उभ्याच काढायला लागली. पट्टीचं टोक. पहिला छोटा. मग मोठा, यावेळी दुसऱ्या बाजूला वळवून. मग मोकळी जागा, आणि शेवटचा तुटकच. कागद आजोबांच्या समोर धरून तिने विचारलं, "असा?"

भिकाजींनी निरखून पाहिलं. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "त्यांनाच विचार."

तिने फोटो काढून पाठवला. त्याच्याखाली एकच राखाडी खूण उमटली, म्हणजे फोटो पलीकडे अजून पोहोचला नव्हता. बस गेली. विनिता कंगवा घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. आजोबा आणि नात फोन मध्ये ठेवून बसून राहिले.